जियालालचं पान

नरपती सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच थोरल्या घराच्या पायऱ्या चढत होती, आणि चढताना कठड्याला हात लावत नव्हती. देवापोतीनं चुलीपाशी बसल्या बसल्या खिडकीतून ते पाहिलं. पन्नाशी उलटलेली बाई, धाप लागलेली, तरी दोन्ही हात कमरेवर. या घराच्या लाकडाचासुद्धा आधार नको, असा सगळा आव. मागून तिची मुलगी सनमलक्ष्मी येत होती. ती दवाखान्यात नर्स होती, आणि ड्यूटीवरून तशीच आली असावी, कारण पायांत अजून पांढरे बूट होते.

देवापोतीनं ओगल्याचं भिजवलेलं पीठ पुन्हा एकदा ढवळलं. सणाच्या चिल्ट्यांसाठी, धिरड्यांसारख्या पोळ्यांसाठी, ते सकाळपासून फुगत ठेवलं होतं. ढवळायची काही गरज नव्हती.

“बूट बाहेर,” दारात सावली पडल्यावर ती मान वर न करता म्हणाली. “इथं दवाखाना नाही.”

“काढलेत, थोरली आमा,” सनमलक्ष्मी म्हणाली. “तुम्ही सांगायच्या आधीच.”

“मला आमा म्हणायला कुणी शिकवलं तुला?”

“बाबांनी.”

आमा म्हणजे आई. देवापोतीनं पळी भांड्याच्या काठावर आपटली. इंदरसेन आणि जियालाल, दोघा भावांशी तिचं एकाच दिवशी लग्न लागलं होतं, तेव्हा गावात सगळ्यांची लागत तसं. पंचवीसेक वर्षं तिनं दोघांना एका चुलीवर जेवू घातलं. मग जियालाल रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून गेला, आणि परत आला तो ह्या नरपतीला घेऊन. खालच्या अंगाला त्यानं वेगळं घर बांधलं, सफरचंदांची वेगळी बाग लावली. माघात त्याच बागेत छाटणी करताना तो शिडीवर बसल्या जागी गेला.

“बस,” ती नरपतीला म्हणाली.

“बसायला आले नाही. परवा माणसं कंड्यावर चढणार. आज दिवस मावळायच्या आत देवळाच्या माथसाला नावं सांगायची आहेत, कोण कुणाचं पान घेऊन चाललंय त्याची. माझ्या घरात पुरुष नाही. तुमच्या घरात तीन आहेत.”

त्या वर्षी गावात चार घरांत माणूस गेलं होतं. फुलैचच्या सणाला फुलं आणणाऱ्यांच्या आधी त्या चार घरचे चार पुरुष कंड्यावर, डोंगरावरच्या उंच कुरणात, चढायचे, सपाट दगडावर आपापल्या मेलेल्या माणसाचं पान वाढायचे आणि तीनदा नाव घेऊन हाक मारायचे. मग त्या नावानं फुलं खाली उतरायची. ज्याचं पान चुकलं तो ना इकडचा ना तिकडचा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“ह्या घरातून त्याला पान जाणार नाही.”

आवाज सज्जातून आला. इंदरसेन तिथं उन्हाला बसून टकळीवर लोकर कातत होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, पण धागा अजून केसासारखा काढायचा. त्यानं टकळी थांबवली नव्हती.

“ऐकलंस?” नरपती मुलीला म्हणाली. “मी तुला सांगितलं होतं.”

देवापोतीनं सज्जाकडं पाहिलं. त्या नकाराचं कारण आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटत होतं. सव्वीस वर्षं तिनं ते विचारलं नव्हतं, आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

*

विद्याराज बागेतून आला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. थोरला मुलगा म्हणून घरचं सगळं तोच बघायचा. पेट्या, मजूर, ट्रक, आणि आता ही पान वाढायची भानगड. त्याचा धाकटा भाऊ दौलत, रामपूरच्या शाळेतला मास्तर, सणाच्या सुट्टीवर आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. विद्याराजला त्याचं असं टेकून उभं राहणं कधीच आवडलं नव्हतं. जियालालही अगदी तसाच उभा राहायचा.

काय झालं ते त्याला आईनं दोन वाक्यांत सांगितलं. बापाचा हट्ट ऐकून त्यानं कपाळावर हात मारून घेतला. म्हातारा शहाणा की वेडा, हेच त्याला कळेना. खाली जियालालची तीनशे झाडं उभी होती, ऐन भरातली, लाल पडायला आलेली. आपल्याकडं मुलीला जमीन जात नाही. ती भावाच्या मुलांकडं यायची हे ठरलेलंच. पण ह्या नरपतीनं कुणा वकिलाला कागद दाखवलेत अशी कुणकुण होती. अशा वेळी जो पान वाढतो तोच मुलगा, हे गाव डोळे मिटून मान्य करतं. आणि ह्याचं आपलं नाही म्हणजे नाही.

“थोरले बाबा, असं करून कसं चालेल?” तो सज्जाच्या दाराशी जाऊन गोडीनं म्हणाला. “भांडण होतं ते जिवंतपणी होतं. आता कसलं? मी जातो वर. धाकट्या बाबांनी मला खांद्यावर खेळवलंय.”

“आणि माघात त्यांना खांदा द्यायच्या दिवशी तुम्ही मेव्हण्याच्या लग्नात नाचत होता,” सनमलक्ष्मी म्हणाली.

“बर्फानं रस्ता बंद होता.”

“जाताना नव्हता वाटतं.”

विद्याराजनं तिच्याकडं नीट पाहिलं. सुया टोचून टोचून पोरीची जीभही तशीच झाली होती. “तुम्हीच आलात ना मागायला? मग देतोय ते घ्या.”

“तुझ्या हातून नको,” नरपती म्हणाली. “सोमवारी तू आमच्या बागेत काय करत होतास?”

“कधी?”

“बांधाबांधानं चालत होतास. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत. मला वाटलं नामस्मरण करतोयस. मग लक्षात आलं, झाडं मोजतोय.”

भिंतीशी उभा असलेला दौलत हसला. विद्याराजचे कान तापले.

“हसतोस काय? तुझी मास्तरकी आपल्या घरच्या झाडांवर झाली. मी इथं फांद्या बांधत होतो तेव्हा तू रामपूरला इस्त्रीचे कपडे घालून पाढे म्हणून घेत होतास.”

“म्हणूनच म्हणतो, तू दमला असशील,” दौलत म्हणाला. “तू राहू दे. मी जातो.”

“तू कोण म्हणून?”

“मुलगा म्हणून.”

*

सनमलक्ष्मीला त्या क्षणी वाटलं, की आता इथून उठून निघून जावं. लहानपणापासून ती ऐकत आली होती की रामपूरचा मास्तर तुझा सख्खा भाऊ आहे, थोरला नुसता भाऊ. बाबा असं कधी म्हणाले नव्हते. पण बाजारात दौलत दिसला की ते दुकानाच्या फळीला टेकून, तो वळणावरून दिसेनासा होईतो बघत राहायचे. एकदा तिनं विचारलं, हाक का नाही मारत? ते म्हणाले, हाक मारायला नातं लागतं, आणि नातं त्या घरात राहिलं.

“कुणाचा मुलगा?” विद्याराज म्हणत होता. “शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव इंदरसेन आहे. तुझ्याही आणि माझ्याही.”

“दाखल्यावर सगळ्यांचंच थोरल्याचं लागतं. ते तुला ठाऊक आहे.”

“मग एकदा होऊनच जाऊ दे. आमा, सांग. कोण कुणाचा?”

ही गोष्ट ह्या घरांत कुणी विचारत नाही. दोन बाप असलेल्या घरात आईला हे विचारणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकणं. सनमलक्ष्मीनं पाहिलं, देवापोतीच्या हातातली पळी थांबली. म्हातारी उठली नाही, ओरडली नाही.

“चुलीवर दोघंही जेवत होते,” ती म्हणाली. “कुठला घास कुणाच्या पोटात गेला ते मी लिहून ठेवलं नाही. तू पंचेचाळीस वर्षांचा घोडा झालास, तुला आज हे विचारायचं सुचलं, कारण खाली तीनशे झाडं आहेत. झाडं नसती तर तुला दोन बाप असले काय नि नसले काय.”

विद्याराज खाली बसला.

“दौलत जाईल,” देवापोती म्हणाली.

नरपतीनं चमकून वर पाहिलं. ह्या बाईकडून तिची ही अपेक्षा नव्हती. देवापोतीला ते दिसलं असावं.

“तुझ्यासाठी नाही करत गं मी. तू माझा नवरा नेलास ते मी विसरलेली नाही, मरेपर्यंत विसरणार नाही. पण मेलेला माणूस उपाशी राहू नये. दौलत पान नेईल.” आणि मग तिनं सज्जाकडं तोंड करून एकेक शब्द सुटा सुटा उच्चारला. “न्यायला काही हरकत असेल, तर ज्याची हरकत आहे त्यानं आत्ता सांगावं. कारणासकट.”

टकळी थांबली. सनमलक्ष्मीला कळलं, की हे बोलणं तिच्या आईशी चाललेलं नाही, मुलांशीही नाही. कुठलं तरी जुनं भांडण ह्या दोघांत चाललं होतं, आणि बाकीचे त्यात नुसते उभे होते.

इंदरसेन दारात आला. चौकटीला धरून त्यानं एक पाय आत टाकला, मग दुसरा.

“कुणीही जायचं नाही,” तो म्हणाला. “त्याचं पान झालंय.”

“झालंय म्हणजे?” दौलत म्हणाला. “कधी?”

“आई गेली त्या वर्षी.”

सनमलक्ष्मीनं मनात वर्षं मोजली. त्या वर्षी ती जन्मलीही नव्हती. “त्या वर्षी बाबा जिवंत होते.”

“होते,” इंदरसेन म्हणाला.

*

बोलून झाल्यावर आपल्याला हलकं वाटेल असं इंदरसेनला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. उलट सगळ्यांचे डोळे अंगावर आले तसा जुना राग परत वर आला, जशाचा तसा, काल घडल्यासारखा.

“आई पंधरा दिवस पडून होती,” तो म्हणाला. “सोळाव्या दिवशी गेली. पंधरा दिवस एकच नाव. जियालाल आला का? जियालाल आला का? मी तोंडात पाणी घालायचो, तर ती माझ्या हाताला विचारायची, जियालाल का? तीन निरोप धाडले मी. तीन. हा तिथं नव्या बायकोबरोबर तंबूत.”

“पूल वाहून गेला होता,” नरपती म्हणाली. “आठ दिवस तो नदीच्या पलीकडं बसून होता. ओल्या कपड्यांत. मी होते बरोबर. दोर टाकून अलीकडं यायला निघाला, मजुरांनी पाय धरले म्हणून थांबला.”

“मग येऊन सांगायचं होतं.”

“आला होता. तुम्ही दार लावलंत. आतून म्हणालात, इथं जियालाल नावाचं कुणी राहत नाही. मी पायरीखाली उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय.”

ते खरं होतं. इंदरसेननं मान खाली घातली, पण लगेच वर केली. त्या वर्षी आईचं पान घेऊन तो एकटाच दगडापर्यंत गेला होता. इतर घरांची माणसं पुढं फुलांकडं निघून गेल्यावर त्यानं झोळीतून दुसरं पान काढलं. आईच्या शेजारी वाढलं. जियालालच्या नावानं तीनदा हाक मारली. पहिल्या हाकेला आवाज चिरकला, तिसरीला खणखणीत आला. उतरताना पाय इतके हलके झाले होते, की त्यानं त्या रात्री देवळाच्या चौकात नाचाची साखळी पहाटेपर्यंत ओढली.

“त्याच हिवाळ्यात तो तीन महिने पडून होता,” नरपतीचा आवाज आता बारीक झाला होता. “डोळे पिवळे, नखं पिवळी. मी गळ्यातली चांदी विकून त्याला रामपूरला नेलं. म्हणायचा, मला कुणी तरी ओढतंय गं. मी म्हणायचे ताप आहे.”

“मला ठाऊक आहे,” इंदरसेन म्हणाला. “रोज कुणाला तरी विचारायचो. आधी वाट बघत होतो तो मरायची. मग दाराच्या आड बसून उलटी वाट बघत होतो. ती कशी बघायची ते मला ठाऊक नव्हतं. पान परत घेता येत नाही.”

“आणि गेल्या माघापर्यंत एकदाही येऊन सांगावंसं वाटलं नाही.”

“कोणत्या तोंडानं येऊ?”

“ह्याच. दुसरं कुठं आहे तुम्हाला?”

“त्यांच्या एकट्याच्या अंगावर घालू नकोस,” देवापोती मध्येच म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. “चिल्टे मी केले होते. पहाटे हे म्हणाले, दोन वेगळे काढ, जर्दाळूच्या तेलातले, मीठ न घालता. आईला मीठ लागायचं. बिनमिठाचा ह्या घरात एकटा तोच खायचा. मला कळलं. मी विचारलं नाही. मीठ घातलं नाही. तेल मात्र सढळ हातानं घातलं.”

“का?” नरपतीनं विचारलं.

“का म्हणून काय विचारतेस? तू त्याच्या घरात झोपलीस म्हणून.”

नरपती दोन पावलं पुढं आली. तिनं चुलीशेजारचं पिठाचं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि पेटत्या चुलीत उपडं केलं. सणाचं सगळं पीठ. निखारे फुस्स झाले, राख उडाली, आणि करपलेल्या ओगल्याचा वास घरभर पसरला. त्या घराची चूल अशी कुणी विझवली नव्हती. वैऱ्यानंही असं केलं नसतं. विद्याराज उठू लागला, तर देवापोतीनं त्याच्या गुडघ्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं.

“कर,” ती नरपतीला म्हणाली. “अजून काही राहिलं असेल तर तेही कर.”

“आता तरी सांगा, काय करायचं?” सनमलक्ष्मीनं विचारलं. प्रश्न तिनं दवाखान्यात विचारतात तसा विचारला. “एकाला दोन पानं वाढली तर काय होतं?”

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. एका माणसाला एक पान. दुसरं वाढलं तर डोंगर त्याच घरातलं आणखी एक माणूस उचलतो, मग कुठं त्याची जोड जमते.

“मग मी काही जात नाही,” विद्याराज म्हणाला. “मला पोरंबाळं आहेत.”

“झाडं नकोत का आता?” सनमलक्ष्मी म्हणाली.

“तुझी झाडं तुला लखलाभ.”

“मी म्हटलंय मी जाणार, तर मी जाणार,” दौलत म्हणाला. “व्हायचं ते होऊ दे.”

“तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून बघ,” देवापोती म्हणाली. घडीभरापूर्वी हीच बाई दौलत जाईल म्हणून सांगत होती. “तंगडं मोडून ठेवीन. मास्तर असशील तुझ्या शाळेत.”

“म्हणजे झालं,” नरपती म्हणाली. “जिवंत होता तेव्हा तुम्ही त्याला मेलेल्याचं खाऊ घातलंत. मेला तर आता तेही नाही. चल गं.”

“थांब,” इंदरसेन म्हणाला.

तो जमिनीवर बसला. बसायला त्याला बराच वेळ लागला.

“आम्ही भाऊ दोन. पानं दोन. एक मी तेव्हा वाढलं. ते माझं होतं असं सांगू. आता त्याचं वाढा.”

“तुम्ही जिवंत आहात, थोरले बाबा,” दौलत म्हणाला.

“तोही होताच.”

“म्हणजे तुम्ही गेल्यावर...”

“नाही वाढायचं. खाऊन झालंय म्हणायचं.”

“आणि फुलं?”

“पान नाही तर फुलं कसली?”

विद्याराज भडकला. “गाव शेण घालेल तोंडात. बाप धडधडीत जिवंत आणि मुलं सांगत फिरणार, त्याचं पान झालं म्हणून? मला पेट्या घेऊन त्याच बाजारातून जायचं असतं. जरा माझा विचार करा.”

“तुझाच विचार करून सव्वीस वर्षं गप्प होतो,” इंदरसेन म्हणाला. “काय मिळालं? तू झाडं मोजायला लागलास.”

नरपती दारातच उभी होती. “हे चुलीपाशी बोलून चालणार नाही,” ती म्हणाली. “तुमची चूल विझली आहे. देवळाच्या चौकात, माथसासमोर, सगळ्या गावादेखत सांगायचं. तुम्ही स्वतः. मुलांच्या तोंडून नाही. ऐकून झालं की मग मी ठरवीन, तुमचं उष्टं मला हवं की नको.”

*

चौकात ढोल सुरू होते. देवाची पालखी बाहेर काढून ठेवली होती, आणि माथस, म्हणजे देवळाचा कारभारी म्हातारा पदमसेन, पायरीवर बसून एकेका घराची नावं ऐकत होता. तीन घरांची झाली होती. खालच्या अंगाच्या घराचं नाव आलं तेव्हा इंदरसेन पुढं झाला. ऊन डोंगरामागं गेलं होतं आणि गारठा सुटला होता.

त्यानं सगळं सांगितलं. वाक्यं लांबवली नाहीत. आईचे पंधरा दिवस सांगितले नाहीत, पूल सांगितला नाही. रागानं वाढलं, ते पान आता माझं धरा, एवढंच म्हणाला. ढोलवाल्यानं मध्येच हात थांबवला, मग कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं, “म्हणजे आम्ही सव्वीस वर्षं भुताच्या हातात हात घालून नाचलो की.” थोडी माणसं हसली. बाकीच्यांना हसू आलं नाही.

“चिल्टे मी केले होते,” देवापोती मागून म्हणाली.

“तुला कुणी विचारलं नाही,” माथस म्हणाला.

“म्हणूनच सांगते.”

माथस बराच वेळ दाढी खाजवत बसला. असा पेच त्याच्या समोर कधी आला नव्हता. शेवटी त्यानं पालखी उचलायला लावली. चार खांद्यांवर ती दोनदा झुकली, एकदा सावरली, आणि ज्याच्या तोंडून देव बोलतो तो माणूस डोळे मिटून बोलला. डोंगराला माणूस दिसत नाही, नाव ऐकू येतं. नाव बदललं तर चालेल. पण ज्यानं मेलेल्याची जागा घेतली त्यानं मेलेल्यासारखं राहावं. फुलं उतरतील तेव्हा त्याच्या टोपीत फूल नको. नाचाच्या साखळीत त्याचा हात नको. ह्या वर्षी नको आणि पुढं कधीच नको.

माणसं इंदरसेनकडं वळून बघू लागली. नाचात पहिला हात इंदरसेनचा, हे त्या गावाचं चाळीस वर्षांचं ठरलेलं होतं. गुडघे गेल्यावरही पहिल्या गाण्याला तो उभा राहायचा.

“कबूल,” तो म्हणाला.

माथसानं नरपतीकडं पाहिलं. आता सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. तिला हे आवडलं नाही, पण ती मागं सरली नाही.

“पान दौलत नेईल,” ती म्हणाली. “चिल्टे मी करीन, माझ्या घरी, माझ्या चुलीवर. मीठ घालायचं की नाही ते मला ठाऊक आहे. आणि पानाबरोबर बागेचा विषय वर जाणार नाही. जिची आहे तिची राहील. हे त्यानं इथं म्हणावं.”

“म्हणतो,” दौलत म्हणाला, आणि तेच शब्द त्यानं वर्गात म्हणतात तसे मोठ्यानं, हळूहळू म्हटले. त्यानं मुलगा म्हणून असंही म्हटलं, आणि त्याला कुणी कोण म्हणून विचारलं नाही. विद्याराज त्याआधीच चौकातून निघून गेला होता.

“आणि माफीचं काय?” माथसानं नरपतीला विचारलं. “माणूस एवढं सगळं देऊन बसलाय. तुझ्याकडून काही?”

“त्यानं दिलं ते जियालालला,” नरपती म्हणाली. “जियालालला द्यायची असेल तर तो देईल. माझ्याकडं नाही.” मुलीला घेऊन ती खालच्या वाटेनं निघाली.

इंदरसेन देवळाच्या दरवाज्यापाशी थांबला होता. घर चढावर होतं, आणि इतकी वर्षं तो चढाला देवापोतीच्या खांद्यावर हात टाकून चालायचा. ती जवळ आली तसा त्याचा हात आपोआप उचलला गेला.

“हात नका लावू,” ती म्हणाली. “आणि बरोबर चालू नका. मेलेली माणसं पुढं चालतात.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. तो वळला आणि भिंतीला धरून चढू लागला. दर चार पावलांवर तो थांबायचा. ती मागं चार हातांवर थांबायची. चौकातून परतणारी माणसं दोघांना ओलांडून पुढं जात होती. एक शेजारीण म्हणाली, “थोरली वहिनी, पुढं व्हा की, थंडी पडलीय.” देवापोतीनं ऐकलं न ऐकलंसं केलं. तिचा राग जराही उतरला नव्हता, आणि त्याला मागं टाकून ती गेली नाही.